तेवीसच्या खाली

लबक, टेक्सस
३ मार्च १९९६

ती. ओर्फाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. पत्र कसलं, फर्मानच! शेत तू माझ्या हाती देणार, पण आधी एक वर्ष मला पारखणार. गवताच्या रानात बिळं पाडणारे, थोराड घुशींसारखे ग्राउंडहॉग मी निपटायचे आणि नोव्हेंबरात फ्रीजरभर हरणाचं मांसही मीच आणायचं. कबूल. इथे गाड्या दुरुस्त करून मला या सपाट मुलखाचा वीट आलाय. बाबांना जाऊन दोन वर्षं होतील. त्यांच्या तोंडून ऐकलेल्या त्या खोऱ्यात एकदा आपलं म्हणून राहायचंय.

प्रश्न रायफलीचा आहे. दोन्ही कामांना एकच घ्यायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो, बावीस-दोनशेपन्नास घ्या. गोळी बारीक, इंचाच्या बावीस शतांशांची, पण इतकी वेगात जाते की तीनशे यार्डांवरचा ग्राउंडहॉग जागीच आडवा. इकडे लोक तिनंच हरणंही मारतात, कोणी काही म्हणत नाही. तुझा सल्ला हवा. सल्ल्याबरोबर शिव्या फुकट मिळतात, हे बाबांनी सांगून ठेवलंय.

तुझा भाचा,
लाइल


थॉर्न हॉलो, व्हर्जिनिया
१४ मार्च १९९६

चि. लाइल यास,
अ. आ.

खाण तशी माती, हे ठाऊक होतं. पण बापाचीच रायफल तू निवडशील, असं वाटलं नव्हतं. टेक्ससात काय चालतं ते टेक्ससला लखलाभ. व्हर्जिनियात हरणासाठी गोळीचा व्यास इंचाच्या तेवीस शतांशांहून कमी चालत नाही. बावीसनंतर तेवीस येतात हे शेंबड्या पोरालाही कळतं. तुझ्या बापाला कळलं नाही.

त्यानं तुला काय रंगवून सांगितलं असेल देव जाणे, म्हणून माझ्याकडून ऐक. १९७१ च्या नोव्हेंबरात व्हर्जिलनं त्या बावीसनं आठ टोकांच्या शिंगांचा नर पाडला आणि वर तोंड करून गावभर मिरवला. शिकारखात्याच्या वॉर्डनला मी सांगितलं. होय, मीच, सख्ख्या बहिणीनं. रायफल गेली, परवाना गेला, चर्चमध्ये लोक शेजारी बसेनात. मग स्वारी बायकोपोरांना घेऊन टेक्ससला पळाली. मला त्याचं तेव्हा काडीचं वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. बारीक गोळीनं जखमी झालेलं हरीण डोंगरात दोन-दोन दिवस तडफडतं, म्हणून तो कायदा आहे. कुणाच्या हौसेसाठी नाही.

मी स्वतः माझ्या नवऱ्याच्या, क्लेलच्या हातच्या रायफलीनं चाळीस वर्षं हरणं मारली. दोनशे पन्नासची आहे, म्हणजे चांगला पाव इंच. तेवीसच्या खालचं काही घेऊन आलास, तर फाटकातूनच परत जायचं. मी दार उघडणार नाही.

लोभ ठेव असं म्हणत नाही. ठेवलास तर माझी हरकत नाही.

ओर्फा


लबक
२ एप्रिल १९९६

ती. ओर्फाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी मला काहीच रंगवून सांगितलं नव्हतं. चूक माझी होती, एवढंच म्हणायचे. तुझं नावसुद्धा कधी वाईट काढलं नाही. ते आता नाहीत, तेव्हा त्यांच्याविषयी लिहिताना हात जरा आखडता घेतलास तर बरं.

रायफलीचं म्हणशील, तर तीनशे मॅग्नम घेतो. तीस शतांश आहे. मग तर तुझ्या कायद्याचं समाधान होईल?

लाइल


थॉर्न हॉलो
११ एप्रिल १९९६

चि. लाइल यास,
अ. आ.

बाप मेला म्हणून शहाणा होत नाही. पुढचं ऐक.

तीनशे मॅग्नम! इथे हत्ती येत नाहीत, लाइल. त्या तोफेनं ग्राउंडहॉग मारलास तर त्याची शेपटी शोधायला पुढच्या खोऱ्यात जावं लागेल, आणि शेजारच्या गाई महिनाभर दूध चोरतील. शहरात राहून डोकं गंजतं ते असं. एक तर सुई, नाहीतर पहार. मधलं काही सुचतच नाही.

दोनशे त्रेचाळीस घे. चोवीस शतांश आहे, कायद्यात बसते. ग्राउंडहॉगला पंचावन्न ग्रेन वजनाची हलकी गोळी, हरणाला शंभरची. खांद्यालाही धक्का कमी, कारण तुझे खांदे व्हर्जिलसारखेच असणार. आणि तिथेच सराव करून ये. हरीण चुकलं, की आमच्याकडे शर्टाची मागची शेपटी कापून नावानिशी शिकारीच्या खोपटात ठोकतात. तुझ्या बापाच्या तिथे सहा आहेत.

एक काम कर. क्लेल काडतुसं घरीच भरायचा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. भरून ठेवलेल्यांतली आता सातच उरलीत. सोबत काडतुसाची एक रिकामी पुंगळी पाठवते. बुडावर दोनशे पन्नासचा शिक्का आहे, वाचता येतो ना? तसल्या काडतुसांच्या दोन पेट्या घेऊन ये. वेंधळेपणा करून भलतीच आणू नकोस.

ओर्फा


लबक
२८ एप्रिल १९९६

ती. ओर्फाआत्यास,
सा. न.

दोनशे त्रेचाळीस घेतली. तुझ्या पेट्या घेतल्या नाहीत. का, ते सांगतो.

दुकानदारानं तुझी पुंगळी हातात धरली आणि म्हणाला, हिचं तोंड बारीक दिसतंय. त्यानं दोनशे पन्नासची गोळी तोंडाला लावून पाहिली, आत जाईना. मग मोजलं. तोंड बावीसच्या गोळीचं आहे, आत्या. तो सांगत होता, की ही बावीस-दोनशेपन्नास कारखान्यात बनू लागायच्या आधी हौशी लोक ती घरीच बनवायचे. दोनशे पन्नासची पुंगळी घ्यायची, साच्यात घालून तोंड आवळायचं, रायफलीला बावीसची नळी बसवायची. बुडावरचा शिक्का मात्र जुनाच राहतो.

म्हणजे तुझी रायफल आणि बाबांची रायफल एकाच मापाच्या होत्या. चाळीस वर्षं तू शिक्का वाचत आलीस, तोंड मोजलंच नाहीस.

पुंगळी परत पाठवतो. तिकडे यायचं की नाही, हेही मी अजून ठरवलेलं नाही.

लाइल


थॉर्न हॉलो
१९ मे १९९६

चि. लाइल यास,
अ. आ.

तुझं पत्र वाचून आधी चुलीत घालणार होते. टेक्ससच्या दुकानदाराची अक्कल ती किती, म्हणून उरलेली साती काडतुसं आणि रायफल घेऊन गावातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेले. त्यानं नळीचं तोंड मोजलं. बावीस. तो म्हणाला, क्लेलनं ही नळी ग्राउंडहॉगसाठी बसवली होती, ठाऊक नव्हतं का तुला? नव्हतं. क्लेलनं कदाचित सांगितलंही असेल. मी कुणाचं ऐकून घेते कुठे!

तिथून सरळ वॉर्डनकडे गेले. हल्लीचा तिशीचा पोरगा आहे. रायफल टेबलावर ठेवली आणि म्हटलं, चाळीस वर्षांची हरणं आहेत, लिहून घे. तो हसला. मला कॉफी दिली, म्हणाला, आजी, यंदापासून वापरू नका म्हणजे झालं. १९७१ मध्ये कुणी हसलं नव्हतं, कुणी कॉफी दिली नव्हती. रायफल ठेवून घे म्हणून मी भांडले तेव्हा कुठे ठेवून घेतली. रविवारी चर्चमध्ये उभी राहून सगळं सांगितलं. व्हर्जिलच्या शेजारी न बसलेल्यांपैकी चौघी अजून जिवंत आहेत. त्या खाली बघत होत्या.

पण खरं लिहायचं ते पुढेच आहे. क्लेल काडतुसं बनवायचा तेव्हा पुंगळ्यांची तोंडं आवळायला त्याच्या टेबलापाशी बसायचा तो तुझा बाप. सगळ्या हिवाळ्यात दोघं तिथेच असत. म्हणजे त्याला ठाऊक होतं. ज्या दिवशी जुना वॉर्डन माझ्या स्वयंपाकघरात आला, त्या दिवशी माझी रायफल समोरच्या भिंतीवर टांगलेली होती. वॉर्डननं विचारलं, या घरात आणखी कुणी हरणं मारतं का? व्हर्जिल त्या रायफलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, आमच्या ताईचं सगळं कायद्यात असतं.

पंचवीस वर्षं मी तो टोमणा समजत आले. त्यानं बोट दाखवलं असतं तर माझीही रायफल गेली असती, आणि त्या वर्षी क्लेलचा पाय मोडलेला, घरात दुसरं मांस नव्हतं. तो गप्प राहिला आणि गाव सोडून गेला.

त्याची बहीण म्हणवून घेण्याची माझी लायकी नाही. शेताचे कागद मंगळवारी तुझ्या नावानं करून आणले. पारखणं वगैरे काही राहिलेलं नाही. आला नाहीस तर विकून टाक, मी दुसरीकडे खोली बघेन.

लोभ मागायला तोंड नाही. तरी मागते.

तुझी आत्या,
ओर्फा