जयवंताच्या पदरातलं कार्ड

१२ सप्टेंबर १९५१, समुद्रपूर

जयवंता आज परत रेशनच्या दुकानात! आळीतल्या साऱ्या बायका आपापली कार्डं दुकानदार हिरालालच्या गल्ल्यापाशी ठेवून मोकळ्या होतात. तो माल घरपोच पाठवतो. आमचीच राणी कार्ड पदराला बांधून स्वतः जाते, ताटकळत उभी राहते. कापसाच्या जिनातून, कामावरून परतताना पाहिलं — दुकानातला मापारी भैयाजी तागडी धरून काही सांगत होता आणि ही हसत होती. माझ्यासमोर कधी अशी हसली?

विचारलं तर म्हणाली, "मी काट्याकडे पाहून राह्यली होती, त्याच्याकडे नाई."

म्हणे, कार्ड दुसऱ्याच्या हाती गेलं की आपल्या नावावर कोणीही साखर उचलतं. सबब तर नामी आहे.

१५ सप्टेंबर

भैयाजी उंच आहे. दातही चांगले आहेत मेल्याचे.

१९ सप्टेंबर

आज दुकानामागे दोघांची कुजबूज. घरी आल्यावर म्हटलं, काय सांगत होता तो?

"पक्कं झालं की सांगन. अर्धवट बोलून कोणाच्या पोटावर काऊन पाय द्यायचा?"

तळपायाची आग मस्तकात गेली. हिला त्याच्या पोटाची काळजी!

पदराची गाठ मीच सोडली. कार्ड नेऊन हिरालालच्या हातात दिलं. तो म्हणाला, "बेफिकीर राहा, बाबूजी. बाईले उन्हात काऊन पाठवता?" शहाणा माणूस. आता बघू, कोणत्या निमित्तानं जाते. जयवंता जेवली नाही. मी मात्र एक भाकर जास्तच खाल्ली.

२८ सप्टेंबर

साखर नाही, ज्वारी नाही. हिरालाल म्हणतो, "तुमचा माल तर उचलला ना जी." कार्डावर महिनाभराच्या खुणा! मी आवाज चढवला, तसा भैयाजी पुढे आला आणि साऱ्या गिऱ्हाइकांसमोर बोलला — "ठेवलेल्या कार्डावरची साखर हा सेठ मागच्या दारानं हाटेलवाल्याले विकते. मीच बाईले सांगतलं होतं, कार्ड इथं ठेवू नोको." हिरालालनं त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं.

म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या मीच दिल्या.

घरी येऊन जयवंताला सगळं सांगितलं. चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. तोंडातून निघालं भलतंच — पण त्यानं तुलाच काऊन सांगितलं?

ती उठून चुलीपाशी जाऊन बसली.

५ ऑक्टोबर

नव्या कार्डासाठी दोघं तहसिलीत गेलो. कारकुनानं विचारलं, घरात माणसं किती? मी म्हटलं, दोन.

मागून जयवंता म्हणाली, "एकच लिवा, जी. माह्यं नाव माहेरी रोहण्याले, भावाच्या कार्डावर चढवा."

कारकुनानं माझ्याकडे पाहिलं. मग त्यानं एक लिहिलं.