अहो, आधी पाटी!

प्रिय मालू,

सर्रर्र... खट्!

चौथीच्या वर्गात दप्तरातून दगडी पाट्या निघायच्या, तेव्हा असाच आवाज यायचा. मग गुरुजी कविता सांगायला लागायचे. आज सकाळी तुझं कपाट आवरताना तोच आवाज माझ्या हातून निघाला आणि आवरणं तिथेच सोडून मी कागद घेतला. म्हणून हे पत्र.

पुढच्या आठवड्यात तुझं वर्षश्राद्ध. काल अजितने फोनवर विचारलं, "बाबा, गावभर फोटो काढत हिंडणाऱ्या आईचा स्वतःचा एक धड फोटो घरात नाही?" मी म्हटलं, बघतो. काय बघणार होतो, कपाळ! का नाही, ते मला चांगलं ठाऊक होतं.

तुझी ती लाकडी पेटी! शाळेतून निवृत्त झाल्यावर बायका भिशी लावतात, तू प्लायवूड आणून कॅमेरा जोडलास. पुढे जुन्या बाजारातलं भिंग, वर डोकावायला तारेची चौकट, मागे एका वेळी एकच फिल्म, पण चांगली तळहाताएवढी. ना स्टँड, ना डोक्यावर काळं कापड. माणसापासून पाच पावलं मोजायची, पेटी डोळ्याशी धरायची, कळ दाबायची. आणि मी मागे पिशवी घेऊन, कविता गुणगुणत. मला लाज वाटायची गं तेव्हा! मंडईत पहिल्यांदा गेलो, तर गिरजाबाई पेरूवालीने वजनं पोत्याखाली ढकलली होती. "वजनमापवाले आले गं बया!"

फिल्मवरच्या सरकत्या झाकणाला तू पाटी म्हणायचीस. कड पांढरी दिसली तर आतली फिल्म कोरी; फोटो काढून पाटी उलटी घातली की कड काळी, म्हणजे लिहिलेली. शाळेच्या नेमकं उलट! पाटी ओढून काढल्याशिवाय कळ कितीही दाबा, फिल्मला काही दिसत नाही. मी कवितेत हरवलो की तू ओरडायचीस, "अहो, आधी पाटी!"

त्या दिवशी तू ओरडली नाहीस. समोर उभी होतीस ना!

मंडईच्या पायरीवर, निळ्या साडीत, हातात गिरजाबाईचा पेरू. "एकदा माझाही काढा की," एवढंच म्हणालीस. मी पाच पावलं मोजली. उन्हात तू अशी काही दिसत होतीस, की चौथीतली एक कविता आपसूक ओठांवर आली. ती म्हणतच मी कळ दाबली. मग पाटी परत घालायला गेलो, तर ती जागच्या जागी! काढलीच नव्हती.

तू हसत म्हणालीस, "बघा, येतं की तुम्हाला!"

त्या एका वाक्याने माझं तोंड शिवलं गेलं. मी गुपचूप पाटी ओढली, उलटी केली आणि काळी कड बाहेर ठेवून परत घातली. कोऱ्या फिल्मवर खोटा शेरा मारला.

दोन दिवसांनी बाथरूमच्या दाराला सतरंजी लावून तू ती धुतलीस. निघाली काचेसारखी स्वच्छ. किती वेळ बघत राहिलीस तिच्याकडे! "अंधारात थाळ्यांची गल्लत झाली माझी," म्हणालीस. "डेव्हलपरच्या आधी हायपोत बुडवली वाटतं, चित्र उमटण्याआधीच धुऊन गेलं. हात गेला हो माझा."

मी दारात चहाचा कप धरून उभा होतो. एक वाक्य, मालू, एकच! जन्मभर दुसऱ्यांच्या कविता घडाघडा म्हटल्या. ते माझं स्वतःचं वाक्य मात्र निघालं नाही.

त्यानंतर तू पेटी वर ठेवून दिलीस. "चल मंडईत," म्हटलं की म्हणायचीस, "कशाला, फिल्म वाया घालवायला?" तीन वर्षं हेच. आणि मग गेलीसच.

पण तूही कशी गं! मुलांच्या वहीतली चूक चार बाकांवरून पकडणारी शास्त्राची बाई तू. नवऱ्यावर साधा संशय घ्यायला काय झालं होतं? की घेतला होतास, आणि मी कधी बोलतो याची वाट बघत होतीस?

आज कपाटात फिल्म भरायची तुझी दुहेरी डबी सापडली, दोन्ही बाजूंना एकेक पाटी. एका बाजूला काळी कड. ती पाटी मी ओढली, तोच तो आवाज झाला, आत काही नव्हतं. दुसऱ्या बाजूला मात्र पांढरी! म्हणजे हात गेला म्हणत म्हणत तू एक फिल्म भरून ठेवलीच होतीस. कोणासाठी?

तिला मी हात लावला नाही. पण ती वाया जाऊ देणार नाही, हा शब्द. आणि आईचा फोटो का नाही, तेही अजितला सांगेन. माझं नाव घेऊन.

तुझाच,
'अहो'

ता. क. सही केली आणि बेल वाजली. दारात गिरजाबाई! कडेवर नात, हातात तू दिलेला तिचा फोटो, त्याच्या पाठीवर तुझ्या अक्षरात आपला कर्वेनगरचा पत्ता.

"ताई हायेत का? म्हनल्या होत्या, नात झाली की घेऊन या. मागं भेटल्या तवा हात गेला म्हनत होत्या. बरा हाय का आता?"

"ताई गेल्या, गिरजाबाई. वर्ष होईल."

ती उंबऱ्यातच थांबली. पोर मी खाली काढून ठेवलेल्या तुझ्या पेटीकडे टकमक बघत होतं.

"पण त्यांचा हात कुठे गेला नव्हता," मी म्हटलं. "चूक माझी होती. या, बसा आत."

मालू, पाच पावलं मोजायला उठतोय. आधी पाटी.