झाडाच्या वतीनं

वेस्ट विंडसर, रविवार, १२ जानेवारी १९८६

शेजारच्या मिचिकोनं दुपारी त्यांच्या जपानातली गोष्ट सांगितली. झाड फळं देईना, म्हणून म्हातारा कुऱ्हाड उगारून दरडावतो, "देतंस की घालू घाव?" झाडामागून म्हातारीच झाडाच्या वतीनं म्हणते, "देईन, देईन." झाड वाचतं. किती शहाणी बाई, वाटलं.

संध्याकाळी ह्यांनी नेहाच्या कॉलेजचे ग्रेड्स पाहिले. हे कडाडले, "मेडिकलला जाणार की फी बंद करू?" हे थांबावेत म्हणून मीच बोलले, "जाईल ती, जाईल." हे शांत झाले. नेहा मात्र माझ्याकडे बघून म्हणाली, "आय नेव्हर सेड दॅट, आई." जेवलीसुद्धा नाही.

सारखी ती म्हातारी डोळ्यांपुढे येते. वाचवलं खरं तिनं. पण झाडाला कुठं विचारलं होतं?