आपण चहा घेणार का?

वाघोली,
६ जानेवारी २०२५

चि. सौ. सुशीला हिस,
मुक्ताअक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

गुडघा बदलून घेतल्यापासून मी पलंगाची झाले आहे. इंद्रजीत आणि सूनबाई शेफाली सकाळी कंपनीत जातात ते दिवेलागणीला उगवतात. फोनवर मला अक्षर ऐकू येत नाही हे तू जाणतेसच. परवा तू म्हणे माझी तब्येत विचारलीस आणि मी तुला दोडक्याच्या शिरांची चटणी सांगितली. म्हणून हे पत्र. टपालखात्यालाही कुणीतरी काम द्यायला हवं.

बहिरीची करमणूक काय, तर शेफालीनं टीव्हीवर ब्रिटिश मालिका लावून दिल्या आहेत. खाली अक्षरं येतात. जन्मभर शाळेत इंग्रजी शिकवलं, त्याचा पहिल्यांदा उपयोग झाला. एक मालिका खेड्यातल्या खुनांची आहे. गाव एवढंसं आणि दर भागात एक मुडदा. तिथे मतदानाला कोण उरत असेल देव जाणे. दुसरी हवेलीतल्या उमराव घराण्याची. त्यातले नवरा-बायको इतक्या अदबीनं बोलतात, की भांडण चाललंय हे अक्षरं वाचूनसुद्धा कळत नाही. तिसरी विनोदी, एका नगरपालिकेच्या कचेरीतली. काम कुणी करत नाही, चहा सगळे पितात. आमच्या श्यामला त्यात स्वतःचं पाटबंधारे खातं दिसेल.

निवृत्त झाल्यापासून माझा हा भाऊ वर्तमानपत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढत बसतो, त्यापेक्षा हे बरं. तुम्ही घरात दोघंच, मूलबाळ नाही, संध्याकाळ खायला उठते असं तूच म्हणतेस. त्याला फक्त एवढं बजाव, की खुनी आधी सांगून टाकायचा नाही. लहानपणी तो गोष्टीचं पुस्तक शेवटाकडून वाचायचा आणि मला सांगून मोकळा व्हायचा.

प्रकृतीला जपा आणि या बहिऱ्या नणंदेवरची माया पातळ होऊ देऊ नका.

मुक्ताअक्का


कोथरूड,
१९ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप अक्कांस,
सुशीलाचा शि. सा. न. वि. वि.

तिळाचे लाडू वेगळे पाठवले आहेत. पोस्टात भुगा झाला असेल तर चमच्यानं खा.

खालच्या मजल्यावरच्या नम्रतानं तुमच्या तिन्ही मालिका लावून दिल्या. ह्यांनी आधी नाक मुरडलं. म्हणाले, इंग्रज गेले तेव्हा वडिलांनी पेढे वाटले होते, आता त्यांना दिवाणखान्यात कशाला बोलवायचं? दुसऱ्या दिवशी माझ्याआधी खुर्ची धरून बसले. पहिल्याच खुनाला, चहा निवायच्या आत, पाद्र्यानं केलाय असं जाहीर केलं. निघालाही पाद्रीच. मग दोन दिवस घरात ताठ मानेनं वावरले.

हवेलीची मालिका सुरू झाल्यापासून मात्र वेगळीच गंमत चालली आहे. परवा दुपारी मला विचारलं, की आपण चहा घेणार का? मी मागे वळून पाहिलं, कोण आलंय म्हणून. कोणीच नव्हतं. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, मला आजवर ‘अगं’ नाहीतर ‘ऐकलंस का’. आता ऊठसूट ‘आपण’. आपण पंख्याखाली बसा, आपल्याला उन्हाचा त्रास नाही ना झाला, वगैरे. चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. पुणेरी टिंगल तोंड सरळ ठेवून कशी करतात हे तुम्हाला मी काय सांगणार, तुमच्याच माहेरची ती. मीही पदर सावरते आणि आपली आज्ञा म्हणते. नम्रता म्हणते, माझ्या नवऱ्याला काकांकडे शिकवणीला पाठवते.

अक्का, खोटं कशाला सांगू, मला आवडतंय. अडुसष्टाव्या वर्षी कुणीतरी विचारून चहा ओततंय. काल ठेवणीतली नारायणपेठ काढली आणि घरातल्या घरात नेसून बसले.

पाद्र्याचा तो भाग मात्र पुन्हापुन्हा लावतात. पाहिलाय की हा, असं म्हटलं, तर म्हणाले चांगली गोष्ट दोनदा पाहिल्यावर कर बसत नाही. तेही खरंच.

गुडघ्यावर भार देऊ नका आणि आम्हा दोघांना आशीर्वादात ठेवा.

तुमची सुशीला


वाघोली,
२७ जानेवारी २०२५

चि. सौ. सुशीला हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून गुडघ्याचे टाके ओढले जाईपर्यंत हसले. सत्तरी उलटल्यावर का होईना, माझा भाऊ माणसात आला. शेफालीलाही वाचून दाखवलं. तिनं इंद्रजीतला ती हवेली बघायची सक्ती केली आहे. तो दहा मिनिटांत घोरायला लागला.

लाडवांचा भुगाच झाला होता, चमच्यानं खाल्ला. पण श्यामचं कार्ड यंदा आलं नाही. दर संक्रांतीला त्याचं एका ओळीचं कार्ड येतं, तिळगूळ घ्या आणि जमल्यास गोड बोला. एकही वर्ष चुकलेलं नाही. त्याला म्हणावं, उमराव झालास म्हणून बहीण परकी झाली का? दोन ओळी लिहून घे त्याच्याकडून.

आणि येताय कधी? कोथरूडहून वाघोली म्हणजे डबा बांधून निघायचं हे मान्य, पण तुमचे पाय धड आहेत. वाट पाहते.

तुम्हा दोघांची आठवण काढणारी,
मुक्ताअक्का


कोथरूड,
१७ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप अक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लिहायला बसत होते आणि उठत होते.

हे टिंगल करत नव्हते, अक्का.

गेल्या मंगळवारी कोथिंबीर आणायला खाली गेले. परत येऊन बेल वाजवली तर ह्यांनी साखळी न काढता दार किलकिलं केलं. हात जोडून म्हणाले, की मिसेस घरात नाहीत, त्या आल्या की यावं आपण. मला वाटलं, नेहमीचंच नाटक. मी हसून आपली आज्ञा म्हटलं आणि दार उघडायची वाट पाहत उभी राहिले. दार लागलं. पुन्हा बेल वाजवली. आता ते जरा कडक झाले. म्हणाले, घरात पुरुष एकटा असताना परक्या बाईंनी असं थांबणं बरं दिसत नाही. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे गंमत नव्हती. मीही नव्हते.

कोथिंबीर मांडीवर घेऊन जिन्यात बसले. नम्रतानं पाहिलं आणि आपल्या घरी नेलं. थोड्या वेळानं हेच खाली आले, चप्पल न घालता, घाबरेघुबरे. सुशीलाला कुठे पाहिलंस का, बराच वेळ झाला गेलीये, असं नम्रताला विचारत होते. मी समोरच बसले होते. मग नजर फिरली आणि एकदम म्हणाले, अगं इथे आहेस होय, मी तुला कुठे कुठे शोधलं. ओळख येते आणि जाते, अक्का. आली की ती गेली होती हे त्यांना माहीतही नसतं.

तेव्हापासून मागचं एकेक आठवतेय. ते घरी आलेल्या पाहुणीला चहा देत होते आणि मी नारायणपेठ नेसून मिरवत होते. एकदा हवेलीची मालिका चालू असताना त्यांनी मला सांगितलं होतं, की आमच्या सुशीलाला हे आवडेल, तिला माणसं चेहऱ्यावरून कळतात. कालव्यावरच्या वसाहतीत विंचवांत दिवस काढले तिनं, पण कधी कुरकुरली नाही, मीच तिला कधी बोलून दाखवलं नाही. मी आपली हवेलीतल्या बाईसारखी मान डोलवून म्हणाले, आपल्या पत्नी भाग्यवान आहेत. आयुष्यभर जे ऐकायचं होतं ते ऐकलं, आणि ते मला सांगितलेलंच नव्हतं.

खुनीही आता सांगत नाहीत. पाद्री पकडला गेला की दर वेळी नव्यानं चकित होतात आणि माझ्याकडे पाहतात. तुम्हाला कार्ड लिहा म्हणून पेन दिलं, तर पत्ता कुठला असं विचारून पेन खाली ठेवलं.

डॉक्टरांचं नाव काढलं की स्वतःचं डोकं तपासून घे म्हणतात. आणि खरं सांगू, मलाही जायचं नाही. एकदा डॉक्टरांनी नाव दिलं की ते दुखणं घरात कायमचं राहायला येईल. उद्या ह्यांनी मला घरात घेतलंच नाही तर मी कुठे जाऊ? स्वतःच्या दारात उभं राहून मी कोण हे कसं पटवायचं? फार भीती वाटते. कुणाला सांगू नका, इंद्रजीतलाही नको.

सुशीला


वाघोली,
२० फेब्रुवारी २०२५

सुशीला, आशीर्वाद.

इंद्रजीतला सांगितलं. राग धर माझ्यावर, पण नंतर. शनिवारी सकाळी तो गाडी घेऊन येतोय आणि मीही येतेय. गुडघा गेला चुलीत. मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे. श्यामला सांग, अक्काला दाखवायला जायचंय आणि तिला ऐकू येत नाही, सोबत तूच हवास. तो तुझं ऐकणार नाही, पण माझ्या दुखण्याला नाही म्हणणार नाही. माझ्या सगळ्या आजारपणांत तोच धावत आलाय.

दाराची ती साखळी आजच्या आज काढून टाक. एक किल्ली नम्रताकडे ठेव. तो ओळखत नाही तेव्हा ओळख पटवायला जाऊ नकोस, वाद घालून कुणाला बायको आठवत नाही. पाहुणी म्हणाला तर पाहुणी हो, पण आत राहा.

तुझ्या त्या ‘आपण’वर मी पोट धरून हसले होते. काल रडले. शेफालीला वाटलं गुडघा दुखतोय, तिनं गोळी दिली. तूही रडून घे, धरून ठेवू नकोस.

तुझीच,
मुक्ताअक्का


कोथरूड,
१६ मार्च २०२५

तीर्थस्वरूप अक्कांस,
शि. सा. न. वि. वि.

परत गेल्यावर गुडघा सुजला असं शेफालीनं नम्रताला कळवलं. मला का नाही कळवलंत? आता मी रागावलेय असं समजा.

औषधं नियमित चालू आहेत. गेलेलं परत येणार नाही, जाण्याचा वेग कमी होईल, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं ते तुमच्यासमोरच. गाडीत हे विचारत होते, की गुडघा अक्काचा आणि डॉक्टर महिन्यांची नावं मला का विचारत होते? तुम्ही खिडकीबाहेर पाहायला लागलात, ते मी पाहिलं. पण त्यांनी तुम्हाला दारातच ओळखलं, अक्का आली म्हणून उठून उभे राहिले. मला आनंद झाला आणि मत्सरही वाटला. लपवत नाही.

खुनांची मालिका मी बंद केली. कोण कोणाचा काय लागतो हे लक्षात राहत नाही, मग ते अस्वस्थ होतात, उठून दारंखिडक्या लावत सुटतात. हवेलीची मीच नको म्हटली. ती नगरपालिकेची कचेरी तेवढी ठेवली आहे. विनोदाला मागचं आठवावं लागत नाही, हे मला आता कळलं. साहेब खुर्चीवर बसतो, खुर्ची मोडते, हे खदखदून हसतात. उद्या तीच खुर्ची, तेच हसू. मी त्यांच्याकडे बघून हसते. आणखी कुणाला मालिका सुचवायची वेळ आली तर तुम्ही ही सुचवा.

दिवसातून कितीदा मी ‘अगं’ असते आणि कितीदा ‘आपण’, हे मोजायचं सोडून दिलंय. वाईट वाटायचं काही थांबलेलं नाही. जेवण वाढताना त्यांनी संकोचून आभार मानले की काहीतरी आणायचं निमित्त करून मी आत जाते.

काल संध्याकाळी कचेरी संपल्यावर त्यांनी मला विचारलं, की आपण रोज येता, पण परत जाताना दिसत नाही, आपण इथेच राहता का? मी म्हटलं, राहीन म्हणते, आपली हरकत नसेल तर. ते विचारात पडले. म्हणाले, माझी काही हरकत नाही, उलट सोबत होईल. पण घर सुशीलाचं आहे, तिला विचारावं लागेल.

मी म्हटलं, तिला विचारलंय. ती हो म्हणाली.

गुडघा शेकत जा. तुमचा लोभ आहेच, तो आता थोडा जास्त लागेल.

तुमची सुशीला