साडेसहा मीटरचा सामना

फ्रीगंज, उज्जैन
८ डिसेंबर २०२३

चि. सौ. जयूस अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

सोबत एअरगनच्या नेमबाजीचं या महिन्याचं कार्ड. दहा छर्रे, चौऱ्याऐंशी गुण. तू हसणार हे माहीत आहे, हस. फोटो पाठव म्हणून तू फोनवर मागे लागली होतीस, पण फोटोत भोकाची कड दिसत नाही आणि कडेवरूनच तर आपली भांडणं होतात. आपला सामना पोस्टाने ठरलाय, पोस्टानेच चालेल.

कॉलेजात एनसीसीच्या मैदानावर आडवे पडून नेम धरायचो, ते दिवस गेले. आता गॅलरीच्या दारात उभं राहायचं आणि मधल्या खोलीतून आरपार, पुढच्या खोलीतल्या पेटीवर लावलेल्या कार्डावर छर्रा मारायचा. नियमाने दहा मीटर हवेत, घर साडेसहाच देतं. म्हणून टावर चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडून कार्ड पासष्ट टक्क्यांवर आणून घेतो. त्याला अजून वाटतं की मी कुंडल्या छापतो.

मधल्या खोलीत स्वयंपाकघराचं दार उघडतं, तीच एक धोक्याची जागा. बरोबर पाच वाजता प्रतिभा त्या दाराला आतून कडी लावते, स्वयंपाकघराच्या दुसऱ्या दाराने गॅलरीत येऊन माझ्यामागे स्टुलावर बसते आणि चलाव म्हणून सांगते. ती म्हटल्याशिवाय मी घोड्याला बोट लावत नाही. दहा मोजते आणि कार्डावर साक्षीदार म्हणून सही करते. तब्येत ठीक आहे तिची. थोडी विसराळू झाली आहे, वयच आहे.

श्रीधररावांना नमस्कार. तुमची माया अशीच असू द्यावी.

तुझा,
दादा

सांगली
२१ डिसेंबर २०२३

ती. दादास,
कृतानेक शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

कार्ड पोचलं. नववा छर्रा तू आठाच्या रेघेवर धरला आहेस, भिंगातून बघितला, तो सातातच आहे. म्हणजे त्र्याऐंशी. माझे सत्त्याऐंशी, आणि तेसुद्धा माझा हॉल लांब असून तुझ्यासाठी साडेसहा मीटरवर उभं राहून. ह्यांनी सही करताना विचारलं की दरवेळी दादांना हरवून मला जेवण गोड लागतं का. लागतं.

आता खरं लिहिते. वहिनीची सही बघितलीस का? कु. सुलोचना पागे, देवास. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली दादा. सुलोचना हे माहेरचं नाव लग्नात आपण बदललं, ते नंतर तिनेही कधी काढलं नाही. मी आधी गंमत समजले. मग मागची कार्डं काढली. ऑक्टोबरच्या कार्डावर तारीख दोनदा लिहिली आहे, नोव्हेंबरच्या कार्डावर सहीच नाही आणि तू ते तसंच पाठवलंस. तू भोकं बघतोस, मी सही बघत होते.

तिला इंदूरला दाखव. आणि तोवर कडी लावायचं काम तिच्यावर सोडू नकोस, हात जोडते. रागावू नकोस.

तुझ्या पत्राची वाट बघते आहे, आशीर्वाद राहू देत.

जयू

फ्रीगंज, उज्जैन
२२ जानेवारी २०२४

चि. सौ. जयूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राचा मला राग आला होता. दोनदा तुझा फोन आला, मी उचलला नाही. आता लिहितो ते बसून वाच.

गेल्या गुरुवारी प्रतिभाला छर्रा लागला. जिवाला धोका नाही, पण लागला आणि माझ्या हातून लागला. तिने रोजच्यासारखी कडी लावली, स्टुलावर बसली, चलाव म्हणाली. सहा झाले. सातव्याला मी श्वास रोखून उभा. तिच्या मोजणीत दहा होऊन गेले होते. माझ्यामागून गॅलरीतल्या दाराने ती स्वयंपाकघरात गेली, आतली कडी काढली आणि कार्ड आणायला मधल्या खोलीत आली. नेम धरलेल्या माणसाला बाजूचं दिसत नाही, तुला माहीत आहे. शालीतून दंडात शिरला. देवास गेटजवळच्या डॉक्टरांनी काढला, दोन टाके घातले. तिथे ती त्यांना सांगत होती की गांधीलमाशी चावली. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. मला खाली बघवेना आणि वर बघवेना.

जयू, मला सगळं दिसत होतं. चहात मीठ पडत होतं, भाजीवाल्याला दोनदा हाक मारली जात होती. तिला त्या स्टुलावरून उठवलं असतं तर तिला काही झालंय हे मला कबूल करावं लागलं असतं. म्हणून मी तिच्यावरच भरवसा ठेवत राहिलो. याला नेम चुकणं म्हणत नाहीत.

यावेळी कार्ड नाही.

दादा

सांगली
३० जानेवारी २०२४

ती. दादास साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. तुला बोल लावायला हात उठत नाही. मी लिहून मोकळी झाले, फोन उचलत नाहीस म्हटल्यावर गाडीत बसून यायला हवं होतं, तेवढं मीही केलं नाही. माझी बंदूक गुंडाळून माळ्यावर ठेवली आहे. सामना संपला.

इंदूरला काय म्हणाले ते कळव. आणि वहिनी पाच वाजता आता काय करते, तेही लिही. उन्हाळा लागण्याआधी मी येतेच.

तुम्हा दोघांच्या पाया पडते.

जयू

फ्रीगंज, उज्जैन
६ मार्च २०२४

चि. सौ. जयूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

इंदूरच्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं की गेलेलं परत येणार नाही, आहे ते हळू जावं एवढंच बघायचं. बंदूक मी इथल्या शूटिंग क्लबाला देऊन टाकली. छर्रेही दिले.

तू पाच वाजताचं विचारलं होतंस. ती कडी लावते, गॅलरीत स्टूल ठेवते आणि बसते. पहिले आठ दिवस मी तिला समजावलं की आता ते बंद झालं. ती मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायची. वाट बघून चेहरा असा उतरायचा की मला राहवेना.

मग परवा मी एक लबाडी केली. जन्मात केली नव्हती. कोऱ्या कार्डाला दाभणाने दहा भोकं पाडली आणि सहीला तिच्यापुढे धरलं. तिने ते उजेडात धरलं, भोकांवरून बोट फिरवलं आणि परत दिलं. म्हणाली की ये तो नकली है, छर्रा कागद गोल कापतो, हा फाटलाय. सही नाही केली. एवढं तिला कळलं जयू. मग तिने मला विचारलं की हे कोणी केलं. मी म्हटलं, मी केलं.

तिने माझ्याकडे नीट बघितलं. फार मायेने म्हणाली की वाईट वाटून घेऊ नका, आमचे हे बाहेर गेलेत, येतील इतक्यात. तोवर तुम्ही इथे माझ्यामागे बसा. पुढे अजिबात जाऊ नका, लागेल.

मी तिच्यामागे बसलो. अंधार पडेपर्यंत बसलो होतो.

लवकर ये. तुमची माया आहे म्हणून चाललंय.

तुझा,
दादा