अँटिबायोटिकमुक्त मॅडम

२ मार्च, सकाळ
आमची एकुलती एक गाय, मॅडम, आजारी. कासेला सूज, मागच्या उजव्या सडातून दुधाऐवजी गुठळ्या. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, अँटिबायोटिक लगेच नको. दूध वरचेवर पिळून काढा, हात धुवा, खालचं गवत कोरडं ठेवा. दुखणं वाढलं तर सड कायमचा बाद. मॅडम माझ्या बायकोला, म्हणजे हिला, तिच्या भावाने दिलेली. ही सकाळपासून गोठ्यात बसून आहे, चहासुद्धा घेतला नाही. मला वाईट वाटलं.
अँटिबायोटिक नको, हे एकदम पटलं. पण हात धुवा? याला का उपचार म्हणायचं? केस मी स्वतः हातात घेत आहे.

दुपार
रिसर्च पूर्ण. तीन व्हिडिओ बघितले. (पैकी एक घोड्यांचा.)

३ मार्च
लसूण, हळद, कोरफड. मिक्सरमधून काढून लेप. मिक्सरवरून हिने बरंच सुनावलं. संशोधकाच्या घरात हे चालायचंच.
अडचण: मॅडम लाथ मारते. उपाय: झाडूच्या दांड्याला भिंत रंगवायचा जुना ब्रश. मॅडमच्या तोंडासमोर बसायचं, तिच्याशी गोड बोलायचं आणि पुढच्या पायांमधून दांडा सरकवून उजव्या सडाला लेप फासायचा. असं डोकं दुसऱ्या कोणाचं चाललं असतं?
ही ओलं गवत बदलायला आली. मध्येच दूध पिळते म्हणाली. दोन्हीला मनाई केली. प्रयोग बिघडतो. हिने परवापर्यंत मुदत दिलीय, नंतर भावाला बोलावणार म्हणे.

४ मार्च
टॉर्च मारून बघितलं. लेप लावलेल्या सडाला सूज नाही, लाली नाही. एका दिवसात! हिचं म्हणणं, गुठळ्या येतातच आहेत. जुना स्टॉक असणार.
दूध संस्थेच्या सेक्रेटरींना भेटून व्याख्यान द्यायची तयारी दाखवली. ते म्हणाले, आधी गाय बरी होऊ द्या. लोकांना पुढे गेलेला माणूस बघवत नाही.

५ मार्च
मॅडमने चारा सोडला. अंग तापलंय. ही रडली. मेहुणा आला. त्याने विचारलं, लेप कुठे लावता? मी पुढे बसून, दांडा सरकवून, साग्रसंगीत दाखवलं. त्याने वाकून ब्रशचं टोक कुठे पोचलंय ते बघितलं. मग म्हणाला, दाजी, हा तुमचा उजवा. गाईचा उजवा पलीकडे.
ही बाब एकाही व्हिडिओत नव्हती.
आता माघार नाही. दांडा टाकला, मागे गेलो, हाताने खऱ्या उजव्या सडाला लेप लावला. म्हणजे लावणार होतो. मॅडमने लाथ घातली. बोट खुंट्यावर आपटून फाटलं.

६ मार्च
डॉक्टर आले. उजवा सड पिकला. डावा ठणठणीत होता, त्यालाही आता माझ्या ब्रशमुळे लागण. म्हणाले, आता अँटिबायोटिकशिवाय इलाज नाही, आणि उजव्याची खात्री देत नाही. ही मॅडमच्या मानेवर हात ठेवून उभी होती. माझ्याकडे बघितलंही नाही. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

८ मार्च
बोट वांग्याएवढं. माणसांच्या डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं. मी पर्यायांचा विषय काढला. त्यांनी विचारलं, जखम झाल्यावर हात धुतला होता का? विषय बदलला.

११ मार्च
डावा सड सुधारला. उजवा गेला. मॅडम आता तीन सडांची. ही धार काढताना चौथ्या सडापाशी हात नेते आणि मागे घेते. मला बघवत नाही.
गोठ्याच्या दारात हिने साबण टांगलाय. मला मॅडमजवळ जायची बंदी, फक्त ओलं गवत उचलायचं.
मॅडमचं औषध दुधात उतरतं, ते चालू आहे तोवर दूध ओतून द्यावं लागतं. आज भीतभीत म्हटलं, मॅडमसारख्याच मलाही गोळ्या चालू आहेत. पाच दिवसांत ही पहिल्यांदा बोलली. म्हणाली, दूध ओतून देता येतं, तुम्हाला कुठे ओतू?
हात धुतला. एकच. दुसरा बँडेजमध्ये आहे.