ज्यांना बोअर मोजता येत नाही त्यांना भूजल मंडळावर न नेमणेबाबत

प्रति,
मा. काउंटी जज साहेब व चारही कमिशनर,
सोतोल काउंटी कचेरी, टेक्सास.

विषय : भूजल मंडळाच्या रिकाम्या संचालकपदावर श्री. ट्रेंट हॅलबर्ट यांना न नेमणेबाबत.
संदर्भ : कचेरीच्या दारावर लावलेली दि. ३ मार्चची नोटीस.

महोदय,

खाली सही करणारी मी हेर्मिनिया बाएसा, वय ७८, विधवा. शेळ्या सत्तर, बोअर एक. शाळा तिसरीपर्यंत, तरी अक्षर सांभाळून घ्यावे.

१) नोटिशीत श्री. हॅलबर्ट यांना "पाण्याचे जाणकार" म्हटले आहे. हरणांच्या शिकारीपुरते त्यांनी इथे रान घेतले. पत्ता रानाचा, बिऱ्हाड शहरात, पितात नळाचे. असो, तो गुन्हा नाही.

२) दर जानेवारीत मंडळ बोअर मोजते. यंदा सराव व्हावा म्हणून याच गृहस्थांना माझ्याकडे पाठवले. पोलादी टेपच्या टोकाला निळा खडू फासून ती आत सोडायची, बुडाला तेवढा खडू काळवंडतो, तिथे पाणी. हे आमच्या शेळ्यांनाही बघून बघून पाठ आहे. मी खडू पुढे केला. साहेब हसले, "राहू द्या आजी, माझी शाळा कधीच संपली." बोअरच्या पाइपाला आतून पाझर आहे, त्याने टेप वरूनच भिजली. पहिला ओलावा दिसला तिथे साहेबांनी पाणी धरले : १४० फूट. खरे पाणी २१२ फूट खोल आहे. एका दुपारीत बहात्तर फूट पाणी! देवानेही आमच्यावर कधी एवढी मेहेरबानी केली नाही.

३) मी हसून सोडले असते. पण शहराला पाणी नेणाऱ्या पाइपलाइनचा परवाना मंडळापुढे आहे, आणि कंपनीने अर्जाला हाच १४० चा आकडा जोडला आहे. नवा संचालक त्यावर मत देणार. माझा पंप २३० वर, खाली नुसता खडक. हाताशी अठरा फूट पाणी. त्यांचा उपसा सुरू झाला की पंप हवा ओढेल. मग शेळ्यांना काय हॅलबर्टसाहेबांचा आकडा पाजू? शेजारचा युसेबियो म्हणतो, "दोन्या हेर्मिनिया, त्यालाच दोरीला बांधून सोडा खाली. दीडशेवर ओरडला बुडालो म्हणून, तर नेमा." मी इतकी निर्दय नाही.

४) नेमायचेच तर माझी सून अम्पारो हिला नेमावे. आमचे पटत नाही हे अख्ख्या काउंटीला ठाऊक आहे. तिचा राजमा कच्चा आणि तोंड फार पिकलेले. पण अकरा वर्षे आमच्या बोअरचे पाणी तीच मोजून वहीत लिहिते. मोठ्या दुष्काळात पाणी नऊ फूट उतरले. लोकांची कीव नको म्हणून मीच म्हटले, "अगं, चार फूट वर लिही. कोण येतंय बघायला?" ती म्हणाली, "आई, तुमच्यासाठी वेगळी वही आणते. ही पाण्याची आहे." मी दोन महिने तिच्याशी बोलले नाही. आकडा तसाच राहिला.

अशी बाई मला स्वयंपाकघरात सोसवत नाही. मंडळावर मात्र तीच हवी.

उत्तराची नव्हे, नेमणुकीची वाट पाहणारी,
हेर्मिनिया बाएसा
दि. ९ मार्च

सोबत : सुनेची मोजणीची वही. तिला न विचारता आणली आहे. शुक्रवारच्या आत परत करावी.